हुकूम पोचत नाही

२४ फेब्रुवारी

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही केली. मालकांना गोळी किती वाजता दिली, हात कधी थरथरला, पाय कुठं अडकला, किती वेळ अडकला, हे रोजच्या रोज लिहायचं आणि महिन्यानं नेऊन दाखवायचं. मी म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेली, तीसुद्धा मास्तरांनी पुढं ढकलली म्हणून. तर म्हणाल्या, "घड्याळ कळतं ना? मग झालं."

वहीच्या पुढच्या बाजूनं डॉक्टरांचं लिहीन. मागच्या बाजूनं माझं. माझं कुणाला दाखवायचं नाही.

बाईंनी अर्धा तास समजावलं. डोक्यात एक रस तयार होतो म्हणे, तो मालकांचा आटत चाललाय. हात उचल, पाय टाक, असा हुकूम मेंदू सोडतो, पण त्या रसावाचून तो पुढं पोचत नाही. पोचला तरी उशिरा. हातपाय धड आहेत, ताकद आहे तेवढीच आहे. रोगाचं नाव पार्किन्सन. हे नाव सुनेकडून लिहून घेतलं.

मला काही हे पटलेलं नाही. मालकांचा उजवा हात रिकामा असला की थरथरतो. तंबाखू चोळावी तसा अंगठा बोटावर फिरत राहतो. आणि हातात कपबशी दिली की थरथर बंद. काम दिलं की बरा, रिकामा बसला की आजारी, असलं दुखणं मी तरी अजून पाहिलं नाही. याला आमच्याकडं दुसरं नाव आहे.

२७ फेब्रुवारी

आठला गोळी. आठ चाळीसला डेअरीला दूध घालायला हाक मारली, उंबऱ्यात अडकले, चार मिनिटं. एवढं पुढं लिहिलं.

चार मिनिटं म्हणजे किती असतात ते उभं राहून बघावं लागतं. हातात किटली. टाचा उचलतात, गुडघे लटलटतात, पण पावलं फरशीला डिंक लावल्यासारखी. मी म्हटलं, "आवो, निघा की. डेअरी बंद झाल्यावर जाणार हायसा?" तोंडावरची माशी हलली असेल, हे हलले नाहीत. तोंडसुद्धा हल्ली तसंच असतं, रागावलेत का हसतात काही कळत नाही. मी आवाज चढवला तर अंग अजूनच ताठ केलं. मग खात्रीच पटली की मुद्दाम करतात.

सून तेजस्वी आतून म्हणाली, "आत्ती, वरडू नगासा. मामा घाबरत्यात."

म्हटलं, "बत्तीस वर्सं नांदवलंय मला त्येनी. घाबरायचं असतं तर पयल्याच वर्सी घाबरलं असतं."

ती हसली. मालक हसले का, ते दिसलं नाही.

६ मार्च

आज वर्धमान अण्णांच्या गुऱ्हाळातून ज्ञानू आला. मालक तिथं तीस वर्षं गुळव्या आहेत. हातकणंगल्यापर्यंत लोक त्यांचं नाव घेतात. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, तो कुठल्या घटकेला चुलीवरून उतरवायचा हे गुळव्यानं सांगायचं. थंड पाण्यात बोटं बुडवायची, उकळता रस चिमटीत घ्यायचा, आणि बोटांना कळतं. मिनिटभर उशीर झाला की गूळ काळा.

ज्ञानू मालकांच्या हाताखाली शिकलेला, चाळिशीचा माणूस. उभा राहून खाली बघत बोलत होता. "काकी, आज आख्खी काहील काळी पडली. तात्या बोटं पाण्यात बुडवून तसंच बसलं. आमी वाट बघालतो, तात्या आता सांगतील, मग सांगतील. आण्णा कायबी बोललं न्हाईत. म्हणालं, आकाराम, जरा घरी इसावा घ्या."

अण्णा जैन माणूस, मोठ्यानं बोलणं त्यांच्या घरात नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मालक आल्यावर विचारलं, "रस झालाय हे कळलं न्हाय व्हय तुमास्नी?"

"कळलं हुतं."

"मग?"

"हात गेला न्हाय."

"कुणी धरला हुता काय?"

"उतरवा म्हणून वरडायचं तरी," मी म्हटलं. तर म्हणाले, "वरडलो. मला वाटलं वरडलो." आवाज तर हल्ली असा झालाय की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागतो.

७ मार्च

दुपारभर कट्ट्यावर बसले होते. हात थरथरत होता. जाणारायेणारा विचारतो. मी शेवटी त्यांच्या हातात शेंगांचं सूप दिलं, म्हटलं फोडा. चार शेंगा फोडल्या तासाभरात. उरलेल्या मी फोडल्या, रागानं, पाच मिनिटांत.

२५ मार्च

आज पकडलं.

राजारामपुरीत दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद. मी म्हटलं, संपलं, आता इथंच दुपार. आणि माणूस माझ्या पुढं जिना चढून गेला. एक पायरी, दुसरी पायरी, कठड्याला हात नाही. मी खाली धापा टाकतेय. वर सपाट वऱ्हांडा, कागद ठेवल्यासारखा गुळगुळीत, तिथं जाऊन थांबले ते थांबलेच. मागं लोकांची रांग.

आत गेल्या गेल्या बाईंना सांगितलं, तीन मजले चढणाऱ्याला चार पावलं सपाट चालता येत नाही हे मला समजावून सांगा. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, असंच असतं यात. पायरी डोळ्याला दिसते, तर पाय डोळ्याच्या वाटेनं हुकूम घेतो. सपाट जमिनीवर हुकूम आतून सुटावा लागतो, आणि आतलीच वाट बंद पडलीय. घाई केली, चारचौघं बघत असले की ती अजून बंद होते. शेवटी एक बोट वर करून म्हणाल्या, गोळ्या बरोबर लागू पडताहेत, त्या एकदम बंद करायच्या नाहीत, एक दिवसही नाही.

डॉक्टरही मालकांच्याच बाजूची निघाली. वही मागितली तर गडबडीत घरीच राहिली होती. त्यावर मात्र मलाच बोलणी बसली.

जिना उतरताना मालक म्हणाले, "तुला वाटतंय मी सोंग करतोय."

मी म्हटलं, "मी म्हणलं का तसं?"

"न्हाय म्हणलीस."

३० मार्च, पाडवा

धाकटे दीर सयाजी भाऊजी जेवायला होते. पुनवेला जोतिबाची यात्रा. आमच्या भावकीची सासनकाठी जाते, आणि थोरला म्हणून काठी धरायचा मान मालकांचा. तीस-पस्तीस फुटांचा वासा, वर वाऱ्यावर फडफडणारा फरारा, चारी बाजूंनी दोऱ्या धरायला माणसं, आणि मधल्यानं तो पेलून नाचवायचा.

भाऊजी म्हणाले, "वैनी, औंदा दादानं नुसता हात लावला तरी चालंल. काठी मी घीन."

मालक ताटाकडं बघत होते. घास तोंडाशी न्यायला त्यांना आता एवढा वेळ लागतो की भाकरी निवते. मी म्हटलं, "न्हेऊ नगासा. डोंगरावर अडकलं तर काय खांद्यावर आणणार हायसा?"

भाऊजी म्हणाले, "नाथाच्या दारात कोण अडकतंय?"

१२ एप्रिल, शनिवार

हात धुतले तरी गुलाल निघत नाही. तसाच लिहिते.

डोंगरावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मी भिंतीला धरून उभी. काठी भाऊजींकडं होती, मालक शेजारी नुसते उभे. हलगी कडाडायला लागली, पिपाणी, ढोल, आणि चारी बाजूंनी चांगभलं. भाऊजींनी काठी मालकांच्या कमरेच्या पट्ट्यात टेकवली, म्हणाले मानाला हात लाव. मी डोळे मिटणार होते.

पाठ सरळ झाली. दोन महिने वाकलेली पाठ. हलगीच्या ठोक्याला पाय पडायला लागला, एक, दोन, एक, दोन, आणि माणूस काठी घेऊन नाचत निघाला. वीस-पंचवीस पावलं गेले. तिथं वळले. घरात अंथरुणाशी वळायला ह्यांना भिंत धरावी लागते, आणि तिथं एवढं धूड घेऊन गर्रकन वळले, चेहऱ्यावर हसू. बाया रडायला लागल्या. माझ्या शेजारची म्हणाली, "नाथानं बरं केलं बया तुझ्या मालकाला."

खरं लिहायचं तर मला आनंद झाला नाही, राग आला. घरात चार पावलांसाठी माझा जीव घेतात आणि इथं बघा.

खाली आल्यावर भाऊजींनी भावकीसमोर मालकांच्या हातात दवण्याची डहाळी दिली. "म्हण दादा, आजपासनं नाथाचंच औषध. दुसरी गोळी न्हाय." मालकांनी माझ्याकडं बघितलं. सगळीच माझ्याकडं बघत होती.

डॉक्टरीणबाईंचं बोट मला आठवलं. पण मी असा विचार केला. देवानं बरं केलं असेल तर गोळी कशाला? आणि सोंग असेल तरी गोळी कशाला? कसंही बघितलं तरी गोळीचं काम उरत नाही.

मीच मान हलवली. मग ते म्हणाले.

१३ एप्रिल

सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. रात्रीची आणि सकाळची अशा दोन गोळ्या चुकल्या, काही बिघडलं नाही. पुढच्या बाजूला आज काही लिहिलं नाही. गोळ्यांचा डबा कपाटावर ठेवला.

१४ एप्रिल

दुपारपासून हळू. अंघोळीला दीड तास. यात्रेचा शीण असेल. तेजस्वी म्हणते गोळी देऊ. मी म्हटलं, शपथ घातलीय, पोरखेळ आहे का. मुलगा यशराज शिरोलीच्या कारखान्यात आहे, दुसरी पाळी. त्यानंही आल्यावर तेच विचारलं. त्यालाही तेच सांगितलं.

१५ एप्रिल

कूस बदलता येईना. मी एका बाजूनं, तेजस्वी एका बाजूनं, दार उचलून ठेवावं तसं उचलून फिरवलं. हात सरळ करायला गेले तर दातेरी चाकासारखा अडत अडत हलतो. हाच हात एके काळी मला झटक्यात वर ओढायचा. लाळ गळते, पुसली तर पापणी लवत नाही.

मी बोलले, फार बोलले. देवाच्या दारात नाचता आलं, घरात मेली म्हैस होऊन पडताय, कुणाला दाखवायला? वगैरे. ते लिहीत नाही सगळं. त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. तोंड तसंच. तोंड काहीच सांगत नाही आणि डोळ्यातून पाणी येतं, हे बघवलं नाही.

मग मला भीती वाटली. रडं कुणालाही सोंगानं आणता येतं, पण ते आणताना तोंड वाकडं होतं.

१६ एप्रिल

ताप. अंग तव्यासारखं. मऊ भात घातला तर तो तोंडात तसाच, गिळताच येईना. मी कपाटावरचा डबा काढला. गोळी पाण्यात विरघळवली, चमचा ओठाला लावला. त्यांनी दात आवळले. कान तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आलं, "शपथ."

भाऊजींकडं गेले तशीच. अंगणात चार माणसं बसली होती. "भाऊजी, शपथ उतरवा. आत्ता."

"वैनी, ते माझ्या हातात हाय व्हय?"

"घालायला तुमच्या हातात हुतं न्हवं?"

"तुमीच मान हलवलासा की."

तेवढं खरं होतं. त्यांच्या घरात खोटं बोलायला गेले नव्हते. म्हटलं, "व्हय. मी हलवली, मीच उतरवते. नाथ काय म्हणंल ते मला म्हणंल. गाडी काढा." गाडी काढली त्यांनी. मालकांना दोघांनी उचलून मागच्या सीटवर निजवलं.

दवाखान्यात तरणा डॉक्टर होता. विचारलं, गोळ्या कधी आणि का बंद केल्या? एकदम बंद केल्या की अंग असं लाकूड होतं, ताप चढतो, माणूस जातो यात. मी तोंड उघडायच्या आधी मालकांनी ओठ हलवले. डॉक्टर वाकला. उठून म्हणाला, "ते म्हणतायत त्यांनीच बंद केल्या. घरच्यांना माहीत नव्हतं."

मी गप्प बसले. हे लिहून ठेवते, की मी गप्प बसले.

२० एप्रिल

ताप उतरला. नाकातून नळी आहे, गोळ्या त्यातून जातात. बोटं हलतात. थरथर परत आली. ती बघून बरं वाटलं, असं म्हणायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

राजारामपुरीच्या बाई बघायला आल्या. यशराजला वही आणायला सांगितली होती त्यांनी. उभ्याउभ्याच पुढची पानं वाचली, दीड महिन्याची. मग माझ्याजवळ बसल्या.

"तुम्ही छान लिहिलंय. वेळा बरोबर आहेत. पण एक बघितलंत का तुम्ही?" आणि बोट ठेवून वाचत गेल्या. हाक मारली, उंबऱ्यात अडकले. हाक मारली, न्हाणीच्या दारात अडकले. पाहुणे आले, लवकर या म्हटलं, अडकले. मी माहेरी गेलते ते दोन दिवस तेजस्वीनं लिहिलेले, त्यात एकदाही नाही.

"मी करते म्हणून होतंय का हे?" मी विचारलं.

"नाही. रोग रोगाचाच आहे. पण घाई झाली की हुकूम अडकतो."

माझ्याच अक्षरात होतं सगळं. दीड महिना लिहीत होते आणि एकदाही उलटून वाचलं नाही.

मग मी बाईंना सांगितलं, शपथेला मान मी हलवली. गोळ्या माझ्या परवानगीनं बंद झाल्या, ते माझ्यासाठी खोटं बोलले. बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. ज्याला गोळी दुसऱ्यानं हातात द्यावी लागते, तो घरच्यांना न कळता बंद कशा करेल."

२३ एप्रिल

नळी काढली. पेज प्यायले. आज पहिल्यांदा चार वाक्यं बोलले. मी कान जवळ नेऊन ऐकलं, मध्ये बोलले नाही. मला ते अवघड जातं.

मी विचारलं होतं, डॉक्टरला माझ्यासाठी खोटं का बोललासा.

म्हणाले, "खोटं न्हवं. मलाच बघायचं हुतं." थोडा वेळ दम घेतला. "जिना चढतो. काठी नाचवली. मग उंबरा का न्हाय? तुला वाटायचं सोंग हाय. मलाबी वाटायला लागलं. म्हणलं गोळी सोडून बघू. सोंग आसंल तर कळंल."

"तुमचं तुमास्नी कळंना?"

"कसं कळंल? पायाला सांगतोय, पाय जात न्हाय. मग म्हणायचो, मी नीट सांगितलंच नसंल. आतनं माझाच चोर आसंल." मग म्हणाले, "तुला मी हुबा दिसतो. आत मी चालत आसतो गं. सारखा चालत आसतो. दमतो चालून."

मी उठून खिडकीशी गेले. खाली रिक्षावाले भांडत होते. त्यांचे हात कसे चालले होते, झराझरा, बोट नाचवत, कॉलर धरत, कुणी विचार करत नव्हता की हात उचलू का. बत्तीस वर्षं मीही तशीच भांडले. हात कधी हुकमाची वाट बघत थांबला नाही.

वर्धमान अण्णा येऊन गेले. पुढच्या हंगामाचं काही बोलले नाहीत, मालकांनीही विचारलं नाही. दोघं हातात हात धरून बसले होते. जाताना अण्णा म्हणाले, ज्ञानूला अजून तेवढं कळत नाही. बस्स, एवढंच.

२६ एप्रिल

आज सोडलं. यशराज गाडी आणायला खाली गेला, तेजस्वी पिशव्या घेऊन त्याच्या मागं. मी आणि मालक वॉर्डाच्या दारापर्यंत आलो.

दारात लोखंडी पट्टी आहे. तिथं थांबले. पावलं चिकटली, टाचा उचलायला लागल्या, गुडघे लटलटले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. हात धरला नाही, ढकललं नाही. शेजारी उभी राहिले, भिंतीवरचं औषधाचं पत्रक वाचत. काही कळत नव्हतं त्यातलं.

मागून एक बाई आली. माझ्याच वयाची, हातात जेवणाचा डबा, कपाळावर घाम. तिच्या मागं ढकलगाडीवर एक पेशंट, गाडी ढकलणारा माणूस, त्याच्या मागं अजून चौघं.

"सरका की पावणं," ती बाई म्हणाली. "वाटंत काय हुबं ऱ्हायलाय? आमची माणसं उपाशी हायती."

मालकांची पाठ ताठ झालेली मला दिसली. मी वळले. तिला आपादमस्तक बघितलं.

"थांबा जरा," मी म्हटलं. "त्ये चालालेत."

बाईनं त्यांच्या पायांकडं बघितलं. पाय जागच्या जागी होते. तिनं माझ्याकडं बघितलं, वेडी समजून.

"चालालेत म्हणलं की," मी म्हटलं. "दिसत न्हाय तुमास्नी."